हिरवी वायर म्हणजे अर्थिंगच का?



यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं किट जोडलं. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह तापले की मग आवाज यायचा, तेच हे तंत्र. "डी.एड. करून आता हे कशाला?" असं घरच्यांनी विचारलंच. पण त्यातल्या एका ट्रान्सफॉर्मरने मला आपल्या गणिताच्या तासाबद्दल विचार करायला लावलं.

घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग, हे आपल्याला पाठ असतं. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरी मात्र अमेरिकन पद्धतीच्या रंगांच्या होत्या. त्यात दोन्ही काळ्या वायरी मेन्सच्या, म्हणजे २३० व्होल्टला जोडायच्या. लाल जोडी त्याहून जास्त व्होल्ट बाहेर देणारी. आणि हिरवी जोडी? ती व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट देणारी! हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली वायर हीटरच्या वाइंडिंगच्या मध्यावरून निघालेली. गंमत म्हणजे आजच्या पॉवर कॉर्डमध्ये हाच हिरवा-पिवळा रंग अर्थिंगचा असतो.

आता कोणी रंग बघून ट्रान्सफॉर्मरची हिरवी वायर लोखंडी पेटीला, म्हणजे चॅसीला जोडली आणि अर्थिंग झालं असं समजला, तर? खरं अर्थिंग झालेलंच नसतं. उद्या आतलं इन्सुलेशन खराब होऊन फेज चॅसीला टेकली, तर सगळी पेटी शॉक देईल. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. नवी वस्तू दिसली की तिचा हात आधी पोहोचतो. अर्थिंग नीट असेल तर तो करंट जमिनीकडे जातो, फ्यूज उडतो आणि पेटी बंद पडते.

म्हणून मी पहिलं काम अर्थिंगचं केलं. चॅसीवरचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला. पॉवर कॉर्डच्या अर्थ वायरला लग लावून, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र बोल्टने घट्ट आवळली. ही वायर आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची. कॉर्ड ओढली गेलीच, तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटते. मग प्लग बोर्डात न लावता मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन आणि चॅसी तपासली. रीडिंग जवळजवळ शून्य ओहम आलं, तेव्हाच पुढे गेलो.

सोल्डरिंगचंही तसंच. वायर आधी टॅगच्या भोकातून ओवून वळवायची, पक्कडीने दाबायची. नुसत्या सोल्डरच्या भरवशावर तिला लटकवायचं नाही. बिटने वायर आणि टॅग दोन्ही तापवायचे, सोल्डर त्यांच्यावर वितळलं पाहिजे. ते गार होईपर्यंत वायर हलली, तर जोड कच्चा राहतो. न लागणाऱ्या वायरींची टोकं वेगवेगळी स्लीव्ह घालून झाकायची.

आता वर्गात येऊ. चौथीच्या मुलांना हे उदाहरण घालून बघा: "राजूने ५ आंबे खाल्ले. आता टोपलीत एकूण १२ उरले. आधी किती होते?" बरीच मुलं 'उरले' दिसताच वजाबाकी करतात आणि ७ लिहितात. कारण 'उरले म्हणजे वजाबाकी, एकूण म्हणजे बेरीज' हे आपणच पाठ करून घेतलेलं असतं. हे रंग बघून वायर जोडण्यासारखंच झालं. वायर कुठून येते, कुठे जाते हे नकाशात बघावं लागतं, तसंच टोपलीत आधी काय होतं, मग काय झालं हे मुलांनी चित्र काढून बघायला हवं.

एक छोटा उपक्रम सुचवतो. वायर न जोडलेला एक सुटा थ्री-पिन प्लग वर्गात न्या. वरची पिन जाड आणि लांब का, हे मुलांनाच विचारा. लांब असल्याने ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि सगळ्यात शेवटी सुटते, इथपर्यंत ती स्वतः पोहोचतात का ते बघा.

पालकांना एवढंच सांगणं: किट उघडून काम करणं मुलांचं नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्ट राहू शकतात. पण घरात एखाद्या प्लगची अर्थ पिन तुटलेली असेल, तर तो आजच बदलून घ्या.