आवक-जावक

चेलाडी फाट्यावरून एसटी नसरापूरकडं वळते, गुंजवणीच्या खोऱ्यात शिरते, आणि मग राजगड काही केल्या नजरेआड होत नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुकाच म्हणतात. पाऊस उदंड, जमीन तुकड्यांची. भाताची खाचरं घराला जेवू घालतात, पण पोरांच्या फिया त्यातून निघत नाहीत. म्हणून वेल्ह्याच्या आणि भोरच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या एक तर मुंबई धरली, नाहीतर फौज.

फौजेतला माणूस लवकर घरी येतो. जवान सुटतो तेव्हा पुष्कळदा चाळिशीही आलेली नसते. हवालदाराला थोडी जास्त वर्षं मिळतात, एवढंच. मुलगी बारावीला, घराचं जोतं अर्धवट, आईवडील थकलेले. पेन्शन असते, पण उमेदही असते. राज्याच्या क आणि ड गटांच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. लिपिक व्हायचं तर मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्दांचं हवं. आमच्या शेजारच्या वाडीतले एक हवालदार पंचेचाळिशीला टेकले असताना त्या क्लासला पोरासोरांमध्ये बसले, पास झाले आणि पुण्यात विद्यापीठाच्या कचेरीत लागले.

त्यांचं टेबल मी पाहिलं आहे. डावीकडं आवक रजिस्टर, उजवीकडं जावक. मधे शिक्का, पॅड, टॅगची जुडी, सगळं एका रेषेत. खिडकीशी एक मुलगी घाबरून उभी होती. पदवीनंतर तीन वर्षांचा खंड, आणि खंडाचं प्रतिज्ञापत्र आणायचं राहिलेलं. हवालदारांनी अर्ज परत सरकवला नाही. एका कोऱ्या चिठ्ठीवर आधी कुठं, मग कुठं, सोबत कशाच्या झेरॉक्स, असं ओळीनं लिहून दिलं. मग विचारलं, “वडील काय करतात, बाळ?” ते फौजेतून निवृत्त झाल्याचं कळताच माजी सैनिकांच्या पाल्यांना मिळणारी शैक्षणिक सवलत सांगितली आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दाखला आणायला सांगितलं. तिच्या घरात हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात, खिडकीपाशी ‘काका’. वरचे साहेब वयानं लहान. अवघड जाते ती मात्र भाषा. उभी हयात हिंदी हुकमांत गेली, आणि इथं टिपणी लिहायची, शेवटी ‘मान्यतेस्तव सविनय सादर’ म्हणायचं. फौजेतून आलेल्या अशा माणसांना रुजू होताच महिनाभर कुणीतरी शेजारी बसवून कार्यालयीन मराठी आणि संगणक शिकवला पाहिजे, असं मला फार वाटतं. बंदूक हातात देण्याआधी फौज किती महिने शिकवते!

हे काम कमीपणाचं आहे, असं कुणी म्हटलं की मला भोर आठवतं. भोर ही पंतसचिवांची गादी. 1948 साली विलीन होईपर्यंत चालली. शिवकाळात सचिवाचं काम काय, तर राजपत्र निघण्याआधी वाचायचं, अधिक-उणा मजकूर दुरुस्त करायचा, महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे. म्हणजे राज्याची कचेरीच. आणि या गादीचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांनी, राजाराम महाराज जिंजीला असताना, रामचंद्रपंत अमात्यांच्या जोडीनं इकडचा मुलूख लढवला, मोगलांकडून किल्ले परत घेतले. तलवार आणि दप्तर या मुलखानं एकाच माणसाच्या हाती दिलं होतं. शत्रूनं मुलूख तुडवला तरी कुणाचं वतन कुठलं, कुणाची बाकी किती, हे कागदावर टिकलं तरच राज्य पुन्हा उभं राहतं. आज एखाद्या मुलीचा अर्ज गहाळ झाला तर तिचं वर्ष जातं. चौकीवर डुलकी न घेणारा माणूस तो गहाळ होऊ देत नाही.

आता आणखी तरुण माणसं परत येणार आहेत. 2022 पासूनच्या अग्निवीर भरतीत नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही, आणि कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीचे पंचविशीच्या आसपास खोऱ्यात परततील, पुष्कळसे बारावीवर. हवालदार सुट्टीला वेल्ह्यात आले की अशा पोरांच्या घरी जातात. मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावतात, गुणपत्रकं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगतात, कारण इथल्या पावसात कागद कुजतो. “डिस्चार्ज बुक मिळालं की त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा रे,” म्हणतात, “आणि टायपिंगला सुट्टीतच बसा. मी फार उशिरा बसलो.”