दिवे दिसले, पण बोट थांबणार का?

प्रत्येक गावात बातम्यांचा एक कट्टा असतो. आपल्याकडे तो दूध केंद्रावर, नाहीतर भाजीवालीच्या हातगाडीभोवती भरतो. कोकणातल्या बंदराच्या गावी मात्र तो भरतो सकाळी मासळी उतरते तिथं. कुणाच्या मुलीला पाहुणे बघून गेले, सुरमईचा भाव किती चढला आणि रात्री समुद्रात काय दिसलं, या तिन्ही बातम्या एका टोपलीतून घरोघर जातात.

विजयदुर्ग हे असंच गाव. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखावर. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरायचा, वैभववाडीवरून तळेऱ्याला यायचं आणि तिथून पुढं पन्नासएक किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. रस्ता संपतो तो किल्ल्याच्या पायथ्याशीच. तीन बाजूंनी पाणी आणि तिहेरी तटबंदी. इंग्रज याच जागेला ‘घेरिया’ म्हणत. इथंच आंग्र्यांचं आरमार नांदलं आणि इथंच फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांची गलबतं आगीत जळाली. बोटींविषयी बोलायचं तर याहून योग्य गाव दुसरं कुठलं?

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही तिथं आठ दिवस होतो. माझ्या थोरल्या नणंदेचं ते सासर. वन्सं घरगुती खाणावळ चालवतात आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. मी त्यांच्याबरोबर रोज सकाळी बंदरावर जाई. त्या दिवसांत बंदरावर एकच विषय होता: रात्री दूर पाण्यावरून सरकत जाणारी, दिव्यांनी झगमगणारी बोट!

तर्क तर इतके, की ऐकत राहावं. एक तांडेल म्हणाला, नेव्हीचं जहाज. दुसरा म्हणाला, “नेव्ही कशाक इतके दिवे लावतली? लपाचा सोडून?” एकीला खात्री होती, की ही गोव्यातली जुगाराची कॅसिनो बोट, इकडं गिऱ्हाईक शोधायला येते. मात्र सर्वांत जोर होता तो रिफायनरीच्या तर्काला. त्या वर्षी नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून हा सारा मुलूख तापला होता. विजयदुर्गच्या शेजारची गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही त्या प्रकल्पाच्या जागेत होती. त्यामुळे समुद्रात अनोळखी काही दिसलं, की “आले सर्वे करूक!” असंच बायकांच्या तोंडी येई. ज्यांची कलमं आणि घरं जाणार होती, त्यांच्या दृष्टीनं यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. पुढं मार्च २०१९ मध्ये त्या जमिनींची अधिसूचना रद्द झाली, तेव्हा कुठं लोकांना झोप लागली.

अखेर उलगडा केला तो वर्तमानपत्रानं. ती बोट होती ‘आंग्रिया’. मुंबई-गोवा मार्गावर २० ऑक्टोबर २०१८ रोजी तिचं उद्घाटन झालं होतं. नाव घेतलं होतं आंग्र्यांचं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात ‘आंग्रिया बँक’ नावाचा प्रवाळांचा उंचवटा आहे, त्याचंही. शंभरएक खोल्या, जलतरण तलाव, खाण्यापिण्याची चंगळ. तिकीट चार हजारांच्या वरच. मोठमोठ्या परदेशी जहाजांच्या मानानं ही बोट तशी लहानच, पण मच्छीमारांच्या होड्यांपुढं राजवाडा! दुपारनंतर मुंबईहून निघायची आणि दुसऱ्या सकाळी गोव्याला लागायची. म्हणजे जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण हा आमचा सगळा किनारा ती अंधारात पार करायची. आंग्र्यांच्या नावाची बोट आंग्र्यांच्या किल्ल्यावरून रात्रीची निघून जाई आणि आतल्या माणसांना किल्ला दिसतही नसे!

उलगडा झाला म्हणून चर्चा थांबली असं मात्र नाही. उलट खरी चर्चा आता सुरू झाली. ती बोट इथं थांबेल का?

हा प्रश्न आपल्याला साधा वाटेल. पण तो कळायला वन्संच्या सासूबाईंजवळ बसायला हवं. आजी १९५६ साली लग्न होऊन मुंबईहून बोटीनंच या गावात आल्या. तेव्हा बोट म्हणजे मौज नव्हे, तो रस्ताच होता. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं अशी बंदरं घेत ती जायची. कित्येक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून ने-आण करत. लाटेवर पडाव वर आला, की नेमकं तेव्हाच पाऊल टाकायचं. नवी नवरी असो की कडेवर लेकरू असलेली बाई, खलाशी दंडाला धरून उचलून घेत. आजी सांगत होत्या, बोट लागल्यामुळे त्या रात्रभर ओकत होत्या आणि सासरच्या माणसांनी नवरीचं तोंड पाहिलं ते तसंच, पिवळंफटक!

बोटीतून चाकरमानी यायचे, मुंबईचं सामान यायचं, माहेरची चिठ्ठी यायची. बोटीचा भोंगा वाजला, की चुलीवरचं उतरवून बायका बंदराकडं बघत. पावसाळ्यात बोट बंद. म्हणून आगोटीला मीठ-मिरची, डाळी, सुकी मासळी भरून ठेवायची आणि चार महिने मुंबईच्या माणसाची वाट बघायची. सगळं गोड होतं असंही नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं घरचं माणूस बोटीत चढलं, की इथल्या बायका देवापुढं दिवा लावून बसत.

‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावं तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीही वाहतूक बंद पडली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, पण ती गेली आतल्या अंगानं. विजयदुर्ग स्टेशनापासून लांबच राहिलं. एके काळी मुंबईचा दरवाजा असलेलं बंदर रस्त्याचं शेवटचं टोक झालं.

आजींनी त्या नव्या बोटीचा निकाल एका वाक्यात लावला. “आमची बोट थांबायची, म्हणान ती आमची. ही थांबाक नाय, तर तो नुसतो दिवो.”

आता वन्संच्या बचत गटाची गोष्ट. गटात दहा बायका. बोट इथं थांबणार अशी आवई उठल्यावर कुणीतरी सुचवलं, की गटातून कर्ज काढून आणखी दोन खोल्या बांधू या. मीही त्या संध्याकाळी ओटीवर बसले होते. वाटलं होतं, उत्साहाच्या भरात ठराव होऊन जाईल. पण या बायकांनी जे प्रश्न काढले, ते ऐकून मी थक्क झाले.

एकीनं विचारलं, एवढं धूड आपल्या धक्क्याला लागणार कसं? माणसं लाँचनं आणावी लागली, तर ती किती आणि किती वेळासाठी? दुसरी म्हणाली, बोटीत जेवण, झोपायला गादी, सगळं तिकिटात. मग ती माणसं आपल्याकडं राहतील कशाला? फार तर तासभर किल्ला बघतील आणि एक सोलकढी पितील. तिसरी म्हणाली, पावसाळ्यात बोट नाही, पण कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही द्यायचाच! शेवटी वन्संनी हिशेब मांडला. आजवर आपल्या खोल्या कुणी भरल्या? एसटीनं आणि मोटारीनं आलेल्या कोल्हापूर-पुण्याच्या कुटुंबांनी. मग खर्च करायचा तो त्यांच्यासाठी. ठरलं असं, की खोल्या नकोत. मोठी पातेली, पंचवीस ताटं आणि दोन्ही खोल्यांना नीट न्हाणीघर. खोल्यांचं बोट थांबल्यावर बघू.

बोट थांबली नाही. २०२० साली करोना आला, प्रवासी बोटी बंद झाल्या आणि ‘आंग्रिया’चा तो नेहमीचा फेराही मोडला. गटाच्या डोक्यावर कर्ज मात्र राहिलं नव्हतं.

मागाहून भाच्यानं या बोटीची आणखी एक हकीकत शोधून काढली, ती मला विसरता येत नाही. ‘आंग्रिया’ मूळची जपानी. तिचं तिकडचं नाव ‘ओगासावारा मारू’. १९९७ पासून २०१६ पर्यंत ती टोकियोहून हजार किलोमीटरवरच्या ओगासावारा बेटांना जायची. त्या बेटांवर विमानतळ नाही. एक दिवसाहून जास्त प्रवास करून येणारी ही बोट म्हणजेच तिथली भाजी, टपाल, औषध आणि पाहुणे. ती परत निघाली, की अख्खं गाव धक्क्यावर निरोपाला येई आणि लहान होड्या तिच्याबरोबर बंदराबाहेरपर्यंत धावत. म्हणजे हीच बोट तिकडं आजींच्या बोटीसारखी ‘आमची बोट’ होती! बोट तीच; पण कुणासाठी सुटते आणि कुठं थांबते, यावर तिचं नातं ठरतं.

२०२५ साली मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला मोटारींसकट माणसं आणणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली, तेव्हा वन्संचा फोन आला. “वहिनी, पुन्हा बोटीचीच चर्चा हो बंदरावर!” पण आता प्रश्न आधीच तयार होते. आठवड्यातून किती फेऱ्या? मोटार नसलेल्या बाईला तिकीट किती? धक्क्यावरून एसटी आहे का? पावसाळ्यात काय? पाहुण्यांच्या खोल्यांइतकीच माहेरवाशिणींची आणि दवाखान्याला जाणाऱ्यांची सोय त्यांना हवी होती.

तुम्ही विजयदुर्गला जाल, तर ऑक्टोबरनंतर आणि मेच्या आधी जा. होडीतून फिरायचं असेल, तर पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवा. खाणावळीत सकाळीच निरोप द्या, म्हणजे ताजे बांगडे आणि घावणे मिळतील. गिर्ये गावाच्या बाजूला रामेश्वराचं मंदिर आहे. कातळ कोरून काढलेल्या वाटेनं तिथं उतरावं लागतं, ते चुकवू नका. आणि एक करा. किल्ला पाहून लगेच परतू नका, एक रात्र मुक्काम करा. त्या गावात थांबणाऱ्यालाच मोल आहे. मग ती बोट असो की पाहुणा.