भेडीतला रोहू

कोलकात्याच्या सायन्स सिटीवरून बासंतीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की थोड्याच वेळात महानगर मागे पडते. काळ्या पाण्याचा एक कालवा सोबत करू लागतो आणि पलीकडे तलावच तलाव! बांबूवर टपून बसलेला खंड्या, जाळी ओढणारे मच्छीमार. या तलावांना इथे ‘भेडी’ म्हणतात.

कालव्यातले काळे पाणी म्हणजे शहराचे सांडपाणी. ते उथळ भेडीत घेऊन दोन-तीन आठवडे उन्हात राहू देतात. ऊन आणि शेवाळ मिळून घाण पचवतात. मग त्यात रोहू, कटला, मृगळ सोडतात. ना यंत्र, ना वीज! मच्छीमारांची ही विद्या अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे आणली. २००२ मध्ये इथल्या १२,५०० हेक्टर पाणथळीचा रामसर यादीत समावेश झाला.

मात्र मैला पचवणाऱ्या या पाण्याला धातू पचत नाही. तंगरा, तिलजला, तोपसिया भागांतले कातडी कमावण्याचे कारखाने वर्षानुवर्षे क्रोमियम गटारात सोडत होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हलवण्याचा आदेश दिला. नवी जागा ठरली बानतला, म्हणजे या पाणथळीच्याच कडेला!

क्रोमियम, शिसे, कॅडमियम कुजत नाहीत, गाळात बसतात. कटला वरच्या थरात चरतो, मृगळ मात्र तळाचा गाळ चिवडतो. धातूचा पहिला मारा कल्ल्यांवर. त्यांवर बुळबुळीत थर साचतो, नाजूक पापुद्रे सुजतात आणि माशाला श्वास पुरेनासा होतो. पुढे यकृत आणि मूत्रपिंडात धातू साठतो, वाढ खुंटते. अंडी आणि पिल्ले तर सर्वांत आधी बळी पडतात. मांसात त्या मानाने धातू कमी उतरतो. पण बंगाली खवय्याला माशाचे डोके हवे आणि पोटातल्या चरबी-आतड्यांची भजीही!

मच्छीमारांपाशीही उपाय आहेत. काठाने वाढवलेली जलपर्णी काही धातू शोषून घेते. हिवाळ्यात भेडी आटवून तळ उन्हात तापवतात, गाळ उपसतात. उपसलेला गाळ बहुधा बांधावरच पडतो, हा भाग वेगळा.

पहाटे बाजारात मासळीचा लिलाव सुरू होतो. गिऱ्हाईक रोहूचा कल्ला उचलून लाली पाहते. मासा ताजा आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.