गाय, वाफेचं इंजिन आणि झिंगलेला माणूस

इंग्लंडमधला १८७२ चा मद्यपरवाना कायदा अजून पुरता रद्द झालेला नाही. त्याच्या १२ व्या कलमानुसार सार्वजनिक रस्त्यावर दारूच्या नशेत घोडा, गाडी, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असणं हा गुन्हा आहे. जवळ भरलेली बंदूक असली तरीही. मूळ शिक्षा ४० शिलिंग दंड किंवा महिन्याची कैद. यातली गाय आज हसवते खरी. पण बाजार उरकून, गुत्त्यात बसून, उरलेली जनावरं हाकत घरी निघालेला शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. जनावर शुद्धीवर, मालक नाही. अशा जोडीची कायद्याला धास्ती वाटली तर नवल नाही.

१८३५ च्या महामार्ग कायद्यानं पदपथावर घोडा, गाढव, डुक्कर किंवा गाडी नेण्याला मनाई केली. हे कलम मात्र कामाचं ठरलं. १८८८ मध्ये सायकल कायद्यानं ‘गाडी’ ठरली आणि पदपथावरच्या सायकलस्वाराला आजही त्याच कलमाखाली दंड होतो.

लंडनच्या १८३९ च्या पोलीस कायद्यात पदपथावरून फळी किंवा शिडी नेणंही गुन्हा आहे. गाडीत माल चढवताना-उतरवताना किंवा पदपथ ओलांडताना तेवढी सूट.