साध्या शब्दांचा पैस

1879 साली जेम्स मरे यांनी इंग्रजीच्या महाकोशाचं संपादन हाती घेतलं, तेव्हा आधीच्या वीसेक वर्षांत जमलेल्या चिठ्ठ्यांची पोतीच्या पोती त्यांच्याकडे येऊन पडली. हौशी वाचकांनी जुनीनवी पुस्तकं वाचून, शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवलेलं होतं. मरे त्या लावायला बसले आणि त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ‘अब्यूजन’ या केव्हाच वापरातून गेलेल्या शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या निघाल्या. ‘अब्यूज’ या चालत्या शब्दाच्या पाचसुद्धा नव्हत्या. वाचकांची नजर अपूर्वाईच्या शब्दावर थबकली होती आणि नेहमीच्या शब्दावरून तशीच पुढे गेली होती. शेवटी मरे यांना वाचकांकडे वेगळी मागणी करावी लागली: साधे शब्दही टिपा.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो. आपल्याकडे इंग्रजी चांगलं असणं म्हणजे अवघड शब्द येणं, अशी समजूत घट्ट बसली आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लांबलचक शब्दांच्या याद्या देतात, पालक वहीतले नवे शब्द मोजतात, आणि ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’ हे शब्द पहिली-दुसरीत होऊन गेले म्हणून कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. खरी अडचण मात्र तिथेच असते. ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ आहे, तो एकदा कळला की आयुष्यभर पुरतो. ‘सेट’चं तसं होत नाही.

या कोशाच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे 430 अर्थ दिले आहेत आणि ती एक नोंद सुमारे साठ हजार शब्दांची आहे. एवढ्यात एक पुस्तक होतं. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, गजर सेट करतात, सापळा सेट करतात, परीक्षेचा पेपर सेट करतात, जेवणाचं टेबल सेट करतात, मोडलेलं हाड सेट करतात, अंगठीतला हिरा सेट करतात. आपण सूर्य मावळला म्हणतो, गजर लावतो, पेपर काढतो, पानं मांडतो. मुलाच्या वहीत यांपैकी एकच मराठी क्रियापद ‘सेट’समोर लिहिलेलं असतं, आणि बाकीची वाक्यं त्याला परकी होतात.

आता या पसाऱ्याच्या मुळाशी जाऊन पाहिलं, तर तिथे ओळखीचं माणूस भेटतं. इंग्रजीतलं ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपण हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, गणपती बसवतो, नाटक बसवतो. हाड आणि हिरा या दोन ठिकाणी इंग्रजी माणसाने आणि मराठी माणसाने, एकमेकांना न विचारता, नेमकं तेच क्रियापद उचललं आहे. मला यात मोठा आनंद वाटतो. वस्तू तिच्या जागी नीट जाऊन टेकली पाहिजे, ही दोन्ही भाषांतली मूळ भावना एक आहे, आणि अर्थांची पुढची रांग तिच्यातूनच निघाली आहे. सूर्य क्षितिजाला टेकतो, जेली हलायची थांबते, गजराचा काटा आपल्या जागी येतो. मुलांना हे एकदा दाखवलं की 430चा आकडा पूर्वीसारखा भिववत नाही.

सगळे अर्थ एकाच मुळातून आलेत असंही मात्र नाही. कपबशांचा सेट किंवा पुस्तकांचा सेट म्हणताना जो शब्द आपण वापरतो, तो लॅटिनच्या ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आलेला, पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ हा त्याचा भाऊ. उच्चार जुळला म्हणून दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. ‘बँक’चंही असंच. नदीकाठचा ‘बँक’ उत्तरेकडच्या बोलींतून आला आणि पैशांची ‘बँक’ इटलीतल्या सराफाच्या बाकड्यावरून, जरी खूप मागे गेल्यावर या दोघांचंही एक दूरचं नातं लागतं. कोशकाराचं निम्मं आयुष्य अशी नाती तपासण्यात जातं.

‘रन’ची गोष्ट आणखी वेगळी. याच कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना ‘रन’ या एका क्रियापदाची नोंद नव्याने लिहायला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. 2011 साली ती पुरी झाली तेव्हा अर्थ भरले 645. ‘सेट’ मागे पडला. यामागचं कारण काळाशी बांधलेलं आहे. माणूस, घोडा आणि नदी एवढेच धावणारे होते, तोवर या शब्दाचा संसार आवरता होता. मग गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली, आगगाड्यांची वेळापत्रकं आली, रोज छापली जाणारी वर्तमानपत्रं आली, आणि शेवटी संगणक आला. या प्रत्येकाला हालचालीसाठी क्रियापद हवं होतं, आणि इंग्रजीने नवं घडवत न बसता जुनंच पुढे केलं. यंत्र रन होतं, दुकान रन करतात, बातमी रन होते, प्रोग्राम रन करतात. युरोपातल्या औद्योगिक क्रांतीचा बराचसा इतिहास या एका नोंदीतून वाचता येईल.

मराठीने हे सगळं ‘चालणे’कडे सोपवलं. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, बोलणीही चालतात. जिथे इंग्रज धावतो तिथे आपण चालतो. सर्दीत त्याचं नाक धावतं, आपलं वाहतं. कपड्याचा रंग त्याच्याकडे धावतो, आपल्याकडे जातो. निवडणुकीचं उदाहरण मला विशेष आवडतं: अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. एकाच भाषेच्या दोन देशांनी इथे दोन वाटा धरल्या आणि मराठी त्यांतल्या एकीच्या जवळ जाऊन बसली. क्रिकेटमध्ये मात्र आपण सरळ इंग्रजीचं बोट धरलं. फलंदाज खेळपट्टीवर धावला म्हणून ‘रन’, आणि त्यावरून आपली ‘धाव’. चेंडू सीमापार गेला आणि कुणी पाऊलही उचललं नाही, तरी धावफलकावर चार धावा लागतात, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. अर्थ असाही एका भाषेतून दुसरीत जातो.

फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी 1897च्या आपल्या ग्रंथात एका शब्दाच्या अनेक अर्थांना ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945मध्ये दाखवून दिलं की शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. त्याची मीमांसा मला पटते. बोलणाऱ्याला थोड्या शब्दांत काम भागवायचं असतं, ऐकणाऱ्याला प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा शब्द हवा असतो, आणि या ओढाताणीत भाषा मधला मार्ग काढते.

हे लक्षात घेतलं नाही तर काय होतं, ते 1930 साली सी. के. ऑग्डेन यांनी मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’वरून दिसतं. जगाला सहज शिकता यावी अशी 850 शब्दांची इंग्रजी त्यांनी बेतली, आणि तीत क्रियापदं ठेवली फक्त अठरा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चर्चिल यांनीही तिची पाठराखण केली. पण सहन करणे, पुढे ढकलणे, विझवणे यांसाठीचे वेगळे शब्द काढून टाकले की सगळा भार ‘पुट’वर येतो. ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’. यादी आखूड झाली आणि शिकणाऱ्याचं ओझं वाढलं. ज्याची मायबोली इंग्रजी आहे त्याला हे ओझं जाणवतच नाही, म्हणून ही योजना त्याला सोपी वाटली.

या दोषावर बोट ठेवणाऱ्यांत मायकेल वेस्ट होते. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला होता. म्हणजे आपल्यासारख्याच वर्गात ते उभे राहिले होते. 1953 साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तिचं मोल असं की प्रत्येक शब्दाखाली त्याचे अर्थ सुटे करून, कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही नोंदवलेलं आहे. संगणक नव्हते. अर्व्हिंग लॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील मजकूर डोळ्यांनी वाचून, प्रत्येक ठिकाणी शब्दाचा कोणता अर्थ आहे हे ठरवून केलेली मोजणी त्यामागे होती. शिक्षकाला पहिल्यांदाच सांगता आलं की या शब्दाचे हे दोन अर्थ आधी शिकव, हा तिसरा दोन वर्षांनी, आणि हे उरलेले वाचनात आपोआप भेटू देत. इंग्रजी शिकणाऱ्या परक्या मुलांवर इतकी माया करणारं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही.

आपल्याकडे 1847 साली टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. कोशात एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची ओळ असते, पण शाळेच्या गाइडात येईपर्यंत त्या ओळीतला एकच शब्द उरतो. मधे बरोबरचं चिन्ह येतं, आणि मूल ते चिन्ह गणितातल्यासारखंच खरं मानतं. ‘टेक’ बरोबर घेणे. मग औषध टेक करणं जमतं, पण बस टेक करणं, बसायला जागा टेक करणं, प्रवासाला दोन तास टेक होणं, हे काहीच जमत नाही, आणि मुलाला वाटतं आपलीच बुद्धी कमी पडते. हे मला सहन होत नाही. कारण तेच मूल दिवा लावतं, दार लावतं, कुलूप लावतं, झाड लावतं, गाणी लावतं, नंबर लावतं, आणि कवितेचा अर्थही लावतं. ‘लावणे’चे अर्थ त्याला कुणी पाठ करायला दिलेले नव्हते. ते वाक्यांतून, घरातल्या माणसांच्या तोंडून आले.

मरे यांनीही असंच केलं. ऑक्सफर्डला त्यांच्या बागेत पत्र्याची खोली होती, तिथे चिठ्ठ्या खणाखणांतून लावल्या जात; त्यांची मुलंही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या निवडत. एका शब्दाची सगळी वाक्यं समोर मांडायची, सारखी वाटणारी एकत्र ठेवायची, आणि ढीग तयार झाला की मगच त्याला अर्थ लिहायचा. मरे 1915 साली गेले तेव्हा काम ‘टी’ अक्षरापर्यंत पोहोचलं होतं. कोश पुरा झाला 1928 साली.

वर्गात मी हीच रीत वापरते. फळ्यावर ‘टेक’ची वाक्यं असतात, शेजारी अर्थ नसतो. मुलं गट पाडतात, भांडतात. औषध आणि चहा एकत्र, बस आणि रिक्षा एकत्र, आणि ‘फोटो टेक करणं’ कुठे घालायचं यावर तास संपतो. आपण फोटो काढतो आणि ते घेतात, हे एखादी मुलगी मोठ्याने बोलून दाखवते, आणि मग बाकीची मुलंही घरच्या बोलण्यातली क्रियापदं शोधू लागतात. परीक्षेच्या तयारीत यासाठी वेळ मिळत नाही, अशी सहकाऱ्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक धड्याखाली दहा नव्या शब्दांऐवजी एकच जुना शब्द आणि त्याची दहा वाक्यं छापली, तर तेवढाच वेळ पुरेल.