पाव्हलोवाबाई सोलापुरात

सोलापुरात बदकाची अंडी शोधणं म्हणजे रत्नागिरीत कडक भाकरी शोधण्यासारखं आहे. कोंबडीची हवी तेवढी मिळतात. पण बदक म्हटलं की दुकानदार आपल्याला एकदा खालीवर न्याहाळून घेतो. "बदकाची? कशाला बे?" एकानं विचारलं. "गोड करायला," असं मी सांगितल्यावर त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि दोघांनी माझ्याबद्दल काय ते ठरवून टाकलं.

हे गोड आमच्या सुनेसाठी होतं. सूनबाई न्यूझीलंडची. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आली ती नेमकी मे महिन्यात. त्रेचाळीस डिग्री! चार दिवस पोरीनं ताक आणि केळी यांवर काढले. ताटात शेंगाचटणी आली की ती लांबूनच नमस्कार करायची. "पोर खात नाही हो काही," असं ही रात्री पंख्याखाली पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा म्हणायची. शेवटी चिरंजीवांकडून कळलं, की तिच्या वाढदिवसाला तिची आजी पाव्हलोवा करायची, तोही घरच्या बदकांच्या अंड्यांचा. आजी गेल्या वर्षी वारली. आणि वाढदिवस होता शुक्रवारी. मग काय विचारता! हिप्परग्याच्या तलावाकडे एका मळ्यात बदकं असल्याचा शोध लागला आणि मी सहा अंडी मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आलो. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला मी नावानं हाक मारून सावध करत होतो.

अंड्यातलं पांढरं साखर घालून भरपूर फेसायचं, मंद आचेवर सुकवायचं आणि वर क्रीम नि फळं घालायची, की झाला पाव्हलोवा. बत्ताशाचा श्रीमंत मावसभाऊच म्हणा ना. नाव ॲना पाव्हलोवा ह्या रशियन नर्तकीचं. १९२६ साली ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नाचून आली, आणि हा पदार्थ पहिला कुणी केला यावरून ते दोन देश अजून भांडताहेत. १९२२ साली ती आपल्याकडेही येऊन गेली होती, पण आपण तिच्या नावानं साधा लाडू वळला नाही. मी सहज "ऑस्ट्रेलियात म्हणे..." एवढंच म्हणालो, तर सुनेचा चेहरा असा झाला, की भलत्याच गावची चादर 'सोलापुरी' म्हणून विकणारा भेटल्यावर आपला होतो तसा. ती आमच्याच घरची आहे हे मला त्या क्षणी पटलं.

हिच्या स्वयंपाकघरात अंडं शिरत नाही. म्हणून ओव्हन मागच्या पडवीत मांडला आणि ही उंबऱ्याच्या आत, म्हणजे शाकाहारी हद्दीत, उभी राहिली. अंडी फोडायलाच वेळ लागला. बदकाचं कवच जाड आणि आतला पापुद्रा चिवट. पुढं सून बीटर फिरवतेय, फिरवतेय, आणि फेस काही वर येत नाही. बदकाच्या पांढऱ्यात फेस धरणारी प्रथिनं कोंबडीपेक्षा कमी असतात. फ्रान्समध्ये पांढरं तांब्याच्या भांड्यात फेसतात, तांब्यामुळे फेस टिकतो, अशी माहिती मी पुरवली. आमच्या घरात तांब्याचं मोठं भांडं एकच, ते देवाचं. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की फ्रान्सचा विषय तिथंच मिटला.

सूनबाईनं बीटर खाली ठेवला. चेहरा पार पडलेला.

"लिंबू पिळ म्हणावं तिला," ही आतून म्हणाली.

आता हिचं लिंबू म्हणजे सर्व रोगांवर एकच मात्रा. पाक साखरला, लिंबू. पोहे फसले, लिंबू. पित्त झालं, लिंबू. पण अर्धं लिंबू पडलं आणि बीटर पुन्हा फिरला, तसा तो फेस दुधासारखा वर आला! आंबटानं बदकाचं पांढरं सुधारतं, हे शास्त्र आहे. आजी सुरुवातीलाच व्हिनेगर घालायची, हे सुनेला तेव्हा कुठं आठवलं. एक न्यूझीलंडची आजी आणि एक अंड्याला न शिवणारी सोलापूरची सासू, दोघींचा इलाज एकच.

ओव्हनमध्ये सव्वा तास झाला आणि वीज गेली. माझा जीव खाली-वर व्हायला लागला. सून मात्र खुशाल हसत होती. कृतीतच लिहिलंय म्हणे, की शेवटी ओव्हन बंद करायचा आणि थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. एवढी विजेची सोय बघणारा पदार्थ मी दुसरा पाहिला नाही. शिवाय दमट हवेत ह्याला पाझर फुटतो. मुंबईत जुलैमध्ये तो रडला असता. आमच्या मेच्या कोरड्या हवेत कडक भाकरीसारखा खणखणीत राहिला.

वर क्रीम, हापूस आणि डाळिंबाचे दाणे. सुनेनं पहिला तुकडा बोलत बोलत खाल्ला. दुसरा घेतला तेव्हा बोलणं थांबलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट लागलं का गं?" ही सवयीनं म्हणाली. मग लक्षात आलं तशी हद्द ओलांडून पडवीत आली आणि पदरानं तिचं तोंड पुसू लागली. स्वतः हिनं डाळिंबाचे दाणे तेवढे खाल्ले, तेही वाटीतले.

वाडग्यात सहा पिवळे बलक आमच्याकडे टकामका बघत होते.

"विचार रे तिला," ही मुलाला म्हणाली, "ह्या पिवळ्याचं काय करायची तिची आजी?"

मुलानं विचारलं. सुनेनं डोळे पुसले आणि त्याच दुपारी शिकलेला मराठी शब्द म्हणून दाखवला, "लिंबू!"

पिवळं, साखर, लोणी आणि लिंबाचा रस मंद आचेवर आटवायचा, असं मुलगा समजावून सांगायला लागला. पण ते ऐकायला मी तिथं नव्हतो. हिनं माझ्या हातात पिशवी दिली होती.