लुईझा पॉइंटची वाट

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. पुढे तांबड्या मातीची वाट. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली हा डोंगर चढून आले, 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. पण सुमारे आठशे मीटर उंचीवरचे हे रान शांतच राहिले.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे भावंडे आईला घेऊन लुईझा पॉइंटला निघालो. तिचे गुडघे दुखत, म्हणून तिच्यासाठी हातरिक्षा केली. एक जण पुढे ओढणारा, दोघे मागून रेटणारे. आम्ही पाठोपाठ पायी. जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट सावली होती. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावले. "किती शांत आहे नाही!" असे आम्ही पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

चढ लागला आणि त्या शांततेत एकच आवाज उरला. रिक्षा ओढणाऱ्याचा धापा टाकणारा श्वास.

"थांबा रे बाळांनो," आई म्हणाली आणि खाली उतरली.

"आई, तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. छाती त्यांची आहे."

आम्हांला आईचा अभिमान वाटला. परंतु त्या गृहस्थाचा चेहरा उतरला होता. "आमचं काही चुकलं का? पैसे कापणार नाही ना?" त्याने हळूच विचारले. आईने ठरलेली मजुरी पुरती त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा कुठे तो मोकळा हसला. आपल्या दयेने दुसऱ्याची चूल विझू शकते, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

पॉइंटवर पोहोचलो तेव्हा दरीपलीकडे प्रबळगडाचा माथा उन्हात न्हाला होता. आई आम्हां दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती.

आज आई नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्यास शासनास सांगितले. ती बातमी वाचताना आम्हांला आधी आईचे उतरणे आठवले, मग त्या गृहस्थाचा प्रश्न. आदेशाचा पूर्वार्ध आईच्या बोलण्याचा होता. उत्तरार्ध त्याच्या प्रश्नाचे उत्तर होता. दोन्ही अर्धे पाळले गेले, तरच त्या वाटेवरची शांतता आम्हांला निःशंक मनाने ऐकता येईल.